कादंबरीवरचा सिनेमा पाहताना नेमकं काय हरवतं?

शब्दसखी

मिलिंद बोकिलांची 'शाळा' ही कादंबरी मला जवळजवळ पाठ आहे. सुजय डहाके यांचा सिनेमा काल पुन्हा पाहिला. पोरांनी कामं सुरेख केलीत, आणीबाणीचा काळ कुठे खोटा वाटत नाही, मुकुंदला आवडणारी शिरोडकर तर मनात होती तशीच. तरी मध्यंतरानंतर मला सारखं वाटत राहिलं की यात गोष्ट सांगणारा माझा शाळकरी मुकुंद नाही. प्रसंग ओळखीचे, माणसं ओळखीची, मग गेलं काय? 'पुस्तक ते पुस्तकच' हे उत्तर नको, ते माझं मलाही देता येतं. कारण हवंय.

कागदपेन्सिल

गेला तो मुकुंदचा आवाज. 'शाळा' सगळी 'मी'मध्ये आहे. तसं पाहिलं तर त्यात घडतं किती? पोरं अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमध्ये बसतात, मुली येताजाताना दिसतात, कोणाची लाइन कोण यावर खल होतो. खरी मजा आहे ती या सगळ्यावर मुकुंद मनातल्या मनात जे बोलत असतो त्यात. वाचताना आपण त्याच्या डोळ्यांमागे बसलेलो असतो, त्याचा चेहरा आपल्याला दिसतही नाही. सिनेमात सगळ्यात आधी दिसतो तो चेहराच. एक मुलगा एका मुलीकडे बघतोय, एवढंच कॅमेरा दाखवू शकतो. त्या बघण्यामागचं पानभर बोलणं निवेदनात घातलं तर चित्र खोळंबतं, आणि गाळलं तर तुमच्यासारखा वाचक हळहळतो.

मी पटकथा लिहितो, म्हणून जागेची अडचणही सांगतो. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हा आमचा ढोबळ हिशोब. दोन तासांच्या सिनेमाला सव्वाशेच्या आसपास पानं, आणि त्यातही बरीचशी जागा कोरी. तीनशे पानी कादंबरी त्यात मावणार नाही, हे ती हातात घेतानाच ठाऊक असतं. त्यामुळे काय गाळलं याच्या याद्या मला फारशा पटत नाहीत. गाळलेल्याच्या बदल्यात काय उभं केलं, ते बघावं.

'पथेर पांचाली' घ्या. विभूतिभूषणांच्या या बंगाली कादंबरीत म्हातारी इंदिर ठाकरून सुरुवातीलाच जाते, दुर्गाचा धाकटा भाऊ अपू तेव्हा तान्हा असतो. सत्यजित राय यांनी 1955च्या सिनेमात तिला बराच काळ जिवंत ठेवलं. ती बांबूच्या बनात बसलेली असते, दुर्गा तिला हलवून बघते आणि ती कलंडते. मृत्यू म्हणजे काय हे दोन्ही मुलांना तिथे एकाच क्षणी कळतं, कोणी काही बोलत नाही.

आणि आगगाडी! कादंबरीत दुर्गाला गाडी बघायला मिळतच नाही. ती आजारी असताना अपूला म्हणते, मी बरी झाले की मला एकदा रेलगाडी दाखवशील? वाचताना गळा दाटतो. सिनेमात दोघं काश गवताच्या पांढऱ्या तुऱ्यांमधून धावत सुटतात, दुर्गा मध्येच अडखळून पडते, आणि गाडी जवळून बघतो तो अपू. पुस्तकात जे काम तिच्या एका वाक्याने केलं, ते इथे तिच्या पडण्याने केलंय. राय यांनी आधी याच कादंबरीच्या मुलांसाठीच्या संक्षिप्त आवृत्तीची चित्रं काढली होती. गोष्ट त्यांच्या हातात चित्रांतून मुरलेली होती, आणि ते जाणवतं.

'शाळा' सिनेमा मला आवडतो. पण मुकुंदच्या आवाजाला असा चित्रातला जोडीदार त्यात पुरेसा सापडलेला नाही, असं माझं मत आहे.

पानगळ_७

बदल करावेत, पण शेवटाला हात लावू नये. आर. के. नारायण यांच्या 'द गाइड'मध्ये गावकरी साधू समजतात म्हणून पावसासाठी केलेल्या उपासाने खंगलेला राजू पाण्यात उभा राहून म्हणतो की डोंगरात पाऊस पडतोय, आणि खाली कोसळतो. पाऊस खरंच आला का, राजू मेला का, ते लेखक सांगत नाही. सोंग घेतलेला माणूस खरा साधू झाला की नाही, हे आपल्यावर सोडलंय. 1965च्या सिनेमात धो धो पाऊस येतो, राजू मरतो आणि लोक त्याला डोक्यावर घेतात. देव आनंद, वहिदा, गाणी, सगळं मान्य. पण कादंबरीतली शंकाच पुसली की नाही? नारायणांना सिनेमा रुचला नव्हता, त्यात नवल नाही.

कागदपेन्सिल

'गाइड'बद्दल शंभर टक्के सहमत. पण शेवट कधीच बदलू नये, हा नियम मी मानणार नाही. जो प्रश्न कादंबरी विचारते तो सिनेमाने विचारत राहावं, मग घटना वेगळी असली तरी चालेल. 'सिंहासन'साठी तेंडुलकरांनी अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्या एकत्र केल्या. तेवढं करायचं म्हणजे किती माणसं, किती धागे सोडून द्यावे लागले असतील! तरी सत्तेच्या त्या खेळाचा किळसवाणा थंडपणा जब्बार पटेलांच्या सिनेमात पुरेपूर उतरलाय. निळू फुल्यांचा पत्रकार दिगू सगळं बघत फिरतो, फारसं बोलत नाही, आणि शेवटी वेड्यासारखा हसत सुटतो. त्या हसण्याच्या बदल्यात मी दोन्ही कादंबऱ्यांतली कितीही पानं सोडायला तयार आहे.

शब्दसखी

चेहऱ्याचा मुद्दा अगदी पटला. आता लक्षात येतंय की मुकुंद कसा दिसतो हे मी कधी मनात रंगवलंच नव्हतं, शिरोडकर मात्र रंगवली होती. म्हणूनच बहुधा ती मला लगेच पटली आणि तो परका वाटला.

आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' आहे, आणि त्यानंतर अमोल पालेकरांचा सिनेमा बघायचं ठरतंय. तीही तरुण मास्तरच्या 'मी'मध्येच सांगितलेली. पण त्यात मास्तर स्वतःबद्दल कमी आणि धनगरांबद्दल, मेंढरांबद्दल, माळाबद्दल जास्त बोलतो. म्हणजे तुमच्या हिशोबाने ती पडद्यावर जायला सोपी असायला हवी, बरोबर ना?

कागदपेन्सिल

हो, त्याची नजर बाहेर आहे, म्हणून कॅमेऱ्याला वाट मिळते. फक्त वाचन आणि सिनेमा यांत आठवडाभर तरी जाऊ द्या. लगेच पाहिलंत तर सगळे पानं पडताळत बसतील.