एम प्लस एस म्हणजे बर्फाची हमी नव्हे

"टायरवर एम प्लस एस (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) असा छाप आहे ना, मग ऑल-सीझनच झाला, डिसेंबरात ठाण्याहून मनालीला बिनधास्त न्या" हे या चर्चेत वर कुणीतरी मांडलेलं मत अर्धंच पटलं. तो छाप कंपनी नक्षी बघून स्वतःच मारते, त्यासाठी बर्फावर चाचणी लागत नाही. चाचणी झालेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चित्र असतं. जर्मनीत तर १ ऑक्टोबर २०२४ पासून नुसता एम प्लस एस हिवाळी टायर म्हणून चालत नाही.

पण म्हणून एका ट्रिपसाठी चारही टायर बदलू नका. समर टायरचं (हिवाळ्यासाठी न बनवलेल्या साध्या टायरचं) रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊ लागतं, आणि आपल्याकडे घोडबंदरला पहाटे एवढी थंडी कुठून येणार! इथे खरी परीक्षा पावसाळ्याची, त्याला खोल नक्षी हवी. बर्फासाठी चेन (टायरवर चढवायची साखळी) घ्या, फ्रंट व्हील ड्राइव्ह (इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना) असेल तर पुढच्या चाकांना, आणि लावायचा सराव सोसायटीच्या पार्किंगमध्येच करा. तिकडे बोटं बधिर झाल्यावर शिकणं अवघड.

टायरमधल्या हवेबद्दल कुणीच लिहिलं नाही. तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआय (दाब मोजायचं एकक) कमी होतो. उंचीवर बाहेरचा दाब कमी असल्याने गेजवर त्यातला काही भाग भरून निघतो, त्यामुळे इथूनच अंदाजाने जास्त भरून निघण्यात अर्थ नाही. छोटा इन्फ्लेटर (हवा भरायचा पंप) सोबत ठेवा आणि तिथे सकाळी, गाडी हलवायच्या आधी, मोजून भरा.