नॉनस्टिक तव्याचं कोटिंग निघतंय, घावनांसाठी दुसरं काय वापरावं?

घावनप्रेमी
तव्याच्या मधोमध कोटिंग जाऊन रुपयाएवढं अॅल्युमिनियम उघडं पडलंय. पोळ्या, घावन, डोसे सगळं याच तव्यावर होतं. निघालेलं कोटिंग पोटात गेलं असेल तर काय? नव्या तव्यांवर 'पीएफओए-फ्री' लिहितात, त्यावर विश्वास ठेवावा का? बिडाच्या तव्यावर घावन चिकटून फाटतात, त्याला उपाय आहे का? घरात लव्हबर्ड्स आहेत, पिंजरा स्वयंपाकघराच्या दाराशीच असतो.

कार्बन_फ्लोरिन
सगळ्यात आधी पिंजरा तिथून हलवा. कोटिंग पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉनचं असतं आणि ते २६० अंशांच्या वर नेऊ नये असं उत्पादकच सांगतात. पुढे ते विघटित होऊ लागतं, ३५० च्या आसपास तर जोरात. त्या वाफेने पक्षी बघता बघता मरतात. माणसाला काही तासांनी फ्लूसारखा ताप, कणकण, खोकला येतो आणि बहुधा एक-दोन दिवसांत उतरतो.

म्हणूनच नॉनस्टिकचा सगळ्यात वाईट उपयोग म्हणजे पोळ्या. डोशाच्या पिठातलं पाणी तव्याला थंड ठेवतं. पोळीचा तवा मात्र मोठ्या आचेवर कोरडाच तापतो आणि दोन पोळ्यांच्या मध्ये रिकामा राहतो. रिकामा तवा काही मिनिटांत २६० ओलांडतो. रिफाइंड शेंगदाणा तेल साधारण २३० ला धुरकटतं, म्हणजे तेलाचा धूर दिसला की गॅस कमी करायची वेळ झालीच.

पोटात गेलेल्या कपच्यांची चिंता करू नका. पीटीएफई पचत नाही, जसं गेलं तसं बाहेर पडतं. खरा वाद पीएफओएचा. हे रसायन कोटिंग बनवताना वापरत. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्गजवळच्या कारखान्यातून ते पिण्याच्या पाण्यात गेलं. तिथल्या लोकांच्या तपासणीतून मूत्रपिंडाचा आणि वृषणाचा कर्करोग, थायरॉइडचे विकार, वाढलेलं कोलेस्टेरॉल अशा सहा आजारांशी त्याचा संबंध असण्याची शक्यता मान्य झाली. २०१९ मध्ये ते स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे टिकून राहणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आलं, २०२३ मध्ये आयएआरसी या जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या, म्हणजे खात्रीच्या गटात टाकलं. तयार तव्यात ते जवळजवळ उरत नाही. झळ बसली ती कारखान्याभोवती राहणाऱ्यांना.

'पीएफओए-फ्री'चा अर्थ एवढाच की ते एक रसायन वापरलेलं नाही. कोटिंग पीटीएफईचंच असू शकतं आणि पीएफओएच्या जागी त्याच कुळातलं दुसरं रसायन आलेलं असू शकतं. या सगळ्या कुळाला पीएफएएस म्हणतात, पीटीएफईही त्यातलंच; म्हणून 'पीएफएएस-फ्री' असेल तर गोष्ट वेगळी. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याने १ जानेवारी २०२५ पासून मुद्दाम पीएफएएस घातलेल्या भांड्यांची विक्रीच बंद केली आहे.

तुमचा तवा मात्र काढाच. उघड्या अॅल्युमिनियमला आंबवलेलं पीठ लागत राहणं बरं नाही.

बीड_आणि_शेंडी
घावनांचं मी सांगते. चिकटण्याची कारणं दोनच: तवा मुरलेला नसतो किंवा नीट तापलेला नसतो.

नवा तवा साबण लावून घासा, कारखान्यातलं तेल-मेण निघायला हवं. मंद गॅसवर कोरडा करा. अर्धा चमचा तेल सगळीकडे चोळा, मग कोरड्या फडक्याने असं पुसा की तेल लावलंच नव्हतं. धूर थांबेपर्यंत तापवा, दहा-पंधरा मिनिटं, आणि गार होऊ द्या. हे तीन-चार वेळा. तापून तेलाचा कडक थर बनतो, चिकटू न देणारा तोच. तेल जास्त राहिलं तर थर चिकट गोंदासारखा होतो. बहुतेकांचं इथेच बिघडतं.

पहिले आठ-दहा दिवस घावन नकोच. थालीपीठ करा, कांदा परता. गुळाचं धिरडं तर शेवटी, गूळ जळून धरतो.

मग घावन. बीड सावकाश तापतं, मध्यम आचेवर पाच मिनिटं द्या. शिंपडलेले थेंब नाचून उडाले पाहिजेत. नारळाच्या शेंडीने किंवा अर्ध्या कांद्याने तेल फिरवा. वाटीभर तांदळाच्या पिठाला दीड ते दोन वाट्या पाणी, आणि दर वेळी पीठ तळापासून ढवळा. कडेकडून ओता, मिनिटभर झाका. कड स्वतःहून सुटेपर्यंत उलथनं लावू नका. पीठ पडताक्षणी गोळा होत असेल तर तवा फार तापलाय, पाण्याचा हबका मारा. थोडंच पाणी, गरम बीड एकदम भिजवलं तर तडकतं.

तांब्या_पितळ
दोन गोष्टी राहिल्या. लोखंडात किंवा बिडात आमटी, टोमॅटो, आमसूल नको. आंबटाने मुरलेला थर उतरतो, पदार्थ काळा पडतो. त्याला स्टील घ्या: आधी भांडं तापवा, पाण्याचा थेंब मोत्यासारखा घरंगळला की तेल, मग भाजी. पितळेची कल्हई २३२ अंशांना वितळते, ते भांडं रिकामं तापवू नका.

घरात थॅलेसेमिया किंवा शरीरात लोह साठण्याचा आजार असेल तर लोखंडी भांड्याआधी डॉक्टरांना विचारा.

घावनप्रेमी
पिंजरा गॅलरीत गेला. सिरॅमिकचा तवा कसा?

कार्बन_फ्लोरिन
त्यात सहसा पीटीएफई नसतं, सिलिकाचा थर असतो. पण मोठी आच आणि घासणी यांनी एक-दोन वर्षांत चिकटायला लागतो. त्या पैशात बीड घ्या. आणि गॅलरीचं दार स्वयंपाकघरात उघडत असेल तर पोळ्यांच्या वेळी ते बंद ठेवा.