'न्यूडिझम'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न (सांगली): एका लेखाचं भाषांतर करतेय. कपड्यांशिवाय राहण्यावर कायद्याची बंधनं किती, आणि त्या राहणीची बाजू मांडायचं स्वातंत्र्य किती, असा विषय आहे. 'न्यूडिझम'ला काय लिहू? 'नंगेपणा' लिहिलं की वाचणाऱ्याच्या कपाळाला आठ्या. 'विवस्त्र'वरून काही होईल?

मिरज: ताई, 'विवस्त्र' नको. 'विवस्त्र करून धिंड काढली' असं आपण वाचतो, म्हणजे कपडे दुसऱ्यानं उतरवलेले. 'नागवणं' तर सरळ लुबाडणं: 'सावकारानं नागवलं'. आणि ती म्हण, 'उघड्यापाशी नागडं गेलं, सारी रात हिवानं मेलं'. उघडा म्हणजे ज्याच्याकडे पांघरूण नाही तो. तालमीतला लंगोटावरचा पैलवानही उघडाच, त्याला नागडा कोणी म्हणत नाही. या शब्दांत मला वासना दिसत नाही, गरिबी दिसते.

पलूस: मग 'दिगंबर'? औदुंबरला 'दिगंबरा दिगंबरा' गजर ऐकतच आम्ही वाढलो. आपल्या भागात जैन मुनी विहाराला निघाले की लोक वाटेत पाया पडतात. नग्नतेला आदरानं हाक मारणारा एवढाच शब्द आपल्याकडे आहे.

सांगली: शब्द सुंदर आहे, पण त्यात वैराग्य आहे. जर्मनीत या चळवळीला 'मोकळ्या देहाची संस्कृती' अशा अर्थाचं नाव आहे. सुट्टीत समुद्रकाठी ऊन खाणारं कुटुंब आणि मुनी एका शब्दात नाही बसवता येणार.

सातारा (वकिली करतो): 'नग्नतावाद' लिहा. 'वाद' लागला की ते मत आहे हे कळतं. कृती आणि मत कायद्यालाही वेगळी धरावी लागतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९६ मध्ये 'नग्न' शब्द नाही. तिथे सार्वजनिक ठिकाणी 'अश्लील कृत्य' लागतं, तेही इतरांना त्रास होईल असं. मत मांडण्याला संविधानाचं कलम १९ आहे, 'सभ्यता किंवा नीतिमत्ता' या मर्यादेसकट. टेनिसपटू बोरिस बेकरच्या नग्न छायाचित्राच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं की केवळ नग्नतेनं चित्र अश्लील ठरत नाही. र. धों. कर्व्यांना मात्र 'समाजस्वास्थ्य' या लैंगिक शिक्षणावरच्या मासिकासाठी अश्लीलतेच्या आरोपावरून कोर्टाची पायरी चढावी लागली. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील डॉ. आंबेडकर होते. म्हणून कळकळीनं सांगतो, 'नग्न'च्या जागी 'अश्लील' कुठेही पडू देऊ नका. त्या शब्दाचं मूळ 'श्री नसलेलं', म्हणजे ओंगळ. नुसत्या देहाला तो का लावायचा?

सांगली: पटलं, दादा. मतासाठी 'नग्नतावाद', वागण्यासाठी 'नग्न राहणी'. आता अडलंय ते 'बाजू मांडणं' इथे. 'प्रचार' म्हटलं की निवडणूक आठवते, 'पुरस्कार' म्हटलं की शाल-श्रीफळ.

मिरज: 'पुरस्कार करणं'च ठेवा. 'करणं' जोडलं की शाल-श्रीफळ आठवत नाही.