कामावरून कमी करताना: तुम्ही कसं सांगितलंत, तुम्हाला कसं सांगितलं गेलं?

वेंगुर्ल्याजवळ आमचा काजूगराचा छोटा कारखाना आहे. २०२०च्या जूनमध्ये कटिंग, सोलणं आणि ग्रेडिंग मिळून माझ्याकडे २२ बायका होत्या आणि त्यातल्या नऊ जणींना थांबवायचं मी ठरवलं होतं. ते दोन दिवस अजून मनातून जात नाहीत. शहरात माणूस गेटबाहेर पडला की दिसेनासा होतो. आपल्याकडे तो दुसऱ्या दिवशी एसटीत शेजारी बसतो, जत्रेत भेटतो, त्याची मुलगी आपल्या मुलीच्या वर्गात असते. म्हणून हा धागा. मालकांनी लिहा, ज्यांना काढलं त्यांनी लिहा, घरच्यांनीही लिहा. कंपनीचं किंवा माणसाचं नाव नको. शब्द मात्र आठवतील तसेच लिहा, कारण माझ्या अनुभवात सगळं त्या शब्दांवरच येऊन थांबलं.

माझंच आधी सांगते. मार्चमध्ये लग्नं, हॉटेलं, मिठाईची दुकानं सगळं एकदम बंद झालं. मुंबईच्या व्यापाऱ्यानं माल उचलायचा थांबवला. बी मात्र मोसमात घेऊन ठेवलेली आणि बँकेचं व्याज चालू. एका रात्री बसून मी यादी केली. ज्या घरात दुसरं कमावतं माणूस आहे तिला थांबवायचं, हा माझा नियम. मला तो न्यायाचा वाटला. यादीत पहिली जी होती तिचा नवरा गोव्यात गाडीवर ड्रायव्हर, म्हणून तिच्या घरी पहिली गेले. तिनं ऐकून घेतलं, चहा ठेवला आणि म्हणाली, "वैनी, ते मार्चपासून घराकच आसत. गाडी मालकान काढून घेतल्यान." तीन महिने ती रोज माझ्यासमोर बसून बी फोडत होती आणि मला हे माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

ती यादी मी तिथेच सोडून दिली. दुसऱ्या दिवशी सगळ्या बाविसांना शेडमध्ये बसवलं आणि वही उघडली. किती गर पडून आहे, व्यापाऱ्याकडे किती अडकलेत, बँकेचे किती, सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ग्रेडिंगवरच्या एक काकी म्हणाल्या, "नऊ जणींका काढण्यापेक्षा सगळ्यांनी आळीपाळीन येवया. अर्धा तरी सगळ्यांच्या घराक जायत." एक आठवडा अकरा जणी, पुढचा आठवडा बाकीच्या, असं मग ऑक्टोबरपर्यंत चाललं. आमच्याकडे मजुरी किलोवर असते, त्यामुळे अर्धं काम म्हणजे अर्धाच पैसा, आणि तेवढ्यावर भागणं कठीण होतं. पाच जणी मधेच आपण होऊन गेल्या. दिवाळीच्या ऑर्डरी आल्यावर मी आधी त्या पाचांकडे गेले. तिघी परत आल्या.

माझी खरी चूक यादीच्याही आधीची. एप्रिलच्या मध्यालाच मला कळलं होतं की पावसापर्यंत हे निभणार नाही. सांगायला मी जून उजाडू दिला. त्या दीड महिन्यात दोघींनी माझ्या भरवशावर दुसरं काम नाकारलं होतं.

चिपळूण, तेव्हा एका रसायन कारखान्यात एचआरला

तुम्ही वही उघडलीत. आमच्याकडे सगळा खटाटोप वही बंद ठेवायचा होता. लॉकडाऊनमध्ये पूर्ण पगार द्या, असा केंद्राचा २९ मार्च २०२०चा आदेश होता. तो १८ मेपासून मागे घेतला गेला आणि त्याच आठवड्यात माझ्या हातात ४३ नावं आली. सूचना तोंडी होती. नोटीस काढायची नाही, प्रत्येकाला बोलावून राजीनामा लिहून घ्यायचा.

याचा अर्थ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सविस्तर लिहिते. त्या वेळच्या १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात, वर्षभर काम झालेल्या कामगाराला कमी करायचं तर महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि पूर्ण झालेल्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागे. १०० किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात तीन महिन्यांची नोटीस आणि आधी सरकारची परवानगी. जो शेवटी लागला तो आधी कमी व्हायचा, आणि पुन्हा भरती केली तर कमी केलेल्यांना पहिला हक्क. माणसानं स्वतःच्या हातानं राजीनामा लिहिला की यातलं काहीच उरत नाही. पाच वर्षं झालेली असतील तर ग्रॅच्युइटी तेवढी मिळते.

पहिल्या दोघांनी माझ्या टेबलावर सही केली. त्यातल्या एकाची नोकरी ११ वर्षांची. म्हणजे १६५ दिवसांचा पगार, नोटिशीचे पैसे वेगळे. ते पैसे गेले, कारण मी पेन पुढे केलं आणि तो माझ्यावर विश्वास ठेवून होता. "मॅडम, हे पीएफसाठी ना?" असं त्यानं विचारलं होतं. मी "हो" म्हणाले नाही. पण "नाही" असंही म्हणाले नाही.

तिसरा आला तेव्हा मी म्हटलं, सही करू नका, कागद घरी न्या, कुणाला तरी दाखवा. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या शिफ्टला कळली आणि कंपनीला युनियनशी बोलणीला बसावं लागलं. उरलेल्या ४१ जणांना कायद्याचे पैसे मिळाले. मीही तीन महिन्यांनी ती नोकरी सोडली. पहिल्या दोघांसाठी मला काहीच करता आलं नाही. त्यातला एक बहादूरशेख नाक्यावर दिसतो. तो ओळखीचं हसतो आणि मला तिथून पाय उचलवत नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. माणूस गेला की त्याच्या पीएफ खात्यात नोकरी सोडल्याची तारीख लगेच भरा. ती भरली नाही तर त्याचे पैसे अडकतात. २०२०पासून कामगाराला ती स्वतः भरता येते, पण शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिने थांबून. चूल दोन महिने थांबत नाही.

संगमेश्वर तालुका

मी मुंबईला एका हॉटेलात होतो. मला मेसेजवर कळलं. पुढच्या सूचनेपर्यंत येऊ नये, एवढंच. मे महिन्यात गावी आलो, १४ दिवस शाळेत काढले. आईला डबा लांबून ठेवायला लागायचा.

शाळेतून घरी आल्यावर वडिलांनी तो मेसेज मागून घेतला आणि चष्मा लावून दोनतीनदा वाचला. ते लालबागला गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला तेव्हा मी जन्मलोही नव्हतो. तो संप रीतसर मागे घेतल्याचं कधी कुणी सांगितलंच नाही. गिरणी सुरू होईल म्हणून ते गावी आले, भात लावलं, पुन्हा मुंबईला गेले, गेटवर उभं राहून परत आले. असं किती वर्षं. त्यांचा गिरणीचा पास आमच्या ट्रंकेत अजून प्लास्टिकच्या पिशवीत आहे. मेसेज वाचून ते म्हणाले, "पुढच्या सूचनेपर्यंत म्हणजे नाही. तू थांबू नकोस. मी थांबलो."

मी थांबलो नाही. देवरूखला दूध टाकायला लागलो. हॉटेलनं पुढे बोलावलंही नाही. मालकावर माझा राग नाही, त्याचंही बंदच होतं. पण नोकरी संपली एवढं एक वाक्य त्यानं फोनवर सांगायला हवं होतं.

मालवण, हॉटेल व्यवसाय

वरचं वाचून लिहायला बसलो, कारण मी तो "पुढच्या सूचनेपर्यंत"वाला आहे. तारकर्लीला आमच्या १४ खोल्या. मार्चमध्ये आठही मुलांना म्हटलं, "सुरू झालं की तुम्हालाच बोलावतो." मला ते मायेचं वाटलं होतं आणि बोलताना ते खरंही होतं. पण २०२०ची दिवाळी अर्धीमुर्धी गेली, मग मे २०२१मध्ये तौक्ते वादळानं छपरं नेली. दोन मुलं माझ्या शब्दावर वर्षभर दुसरीकडे कायमची लागली नाहीत. एकाला गोव्यात क्रूझवर किचनमध्ये जागा मिळत होती, ती त्यानं सोडली. मला त्याच्या आईकडून कळलं.

आता मी तारीख सांगतो. अमुक तारखेपर्यंत फोन आला नाही तर माझी वाट बघू नका. वाईट वाटतं बोलताना, पण बोलतो.

हर्णै, बोटमालक

आमच्यात पगार नसतो, वाटा असतो, आणि मोसमाच्या सुरुवातीला खलाशी उचल घेतात. मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद असते, त्याआधी हिशेब होतो. २०२०ला मार्चमध्येच बोट किनाऱ्याला लागली. माझे पाच खलाशी नेपाळचे, सीमा बंद, घरी जाता येईना. सगळ्यांच्या अंगावर उचल बाकी. बंदरात रिवाज असा की बाकी पुढच्या मोसमात फेडायची, म्हणजे माणसानं त्याच बोटीवर परत यायचंच.

आमच्या तांडेलानं, म्हणजे बोटीवरच्या मुख्य माणसानं, मला बाजूला घेऊन सांगितलं, "काका, मासे नाय मिळाले ते दर्यामुळे नाय, बंदीमुळे. ती बाकी पोरांची कशी?" मला पटलं. वहीत शून्य लिहून पाचांच्या सह्या घेतल्या. घरी जायला मिळेपर्यंत त्यांचं जेवण आमच्याकडेच होतं. ३ जूनला निसर्ग वादळ आलं तेव्हा त्यांनीच दोर सांभाळले, तरी बोटीची केबिन गेली. पुढच्या मोसमात दोघं आले, तिघं नाहीत. तिघांना यायचं बंधन नव्हतं.

खेड, आखातातून परतलेला

२००९, दुबई. बांधकामं थांबली होती, आमच्या खोलीतल्या सहा जणांपैकी तिघं आधीच गेले होते. माझा फोरमन केरळचा. कंपनीचं पत्र यायच्या तीन आठवडे आधी त्यानं मला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, "खोलीचं भाडं पुढचं भरू नकोस, नवीन कर्ज घेऊ नकोस, असलेलं मिटव." त्याला असं सांगायची परवानगी नसणार. मी गाडीच्या कर्जाचे हप्ते मिटवले. पत्र आलं तेव्हा माझ्यावर काही नव्हतं. व्हिसा रद्द झाला की देश सोडायला ३० दिवस मिळायचे, आणि कर्ज राहिलेली माणसं त्या दिवसांत कशी हिंडायची ते मी पाहिलंय. हिशेब तिथल्या कायद्याप्रमाणे मिळाला, पहिल्या पाच वर्षांना वर्षामागे २१ दिवसांचा मूळ पगार. त्या पैशात घराचा स्लॅब पडला. तरी त्या तीन आठवड्यांची किंमत मला जास्त वाटते. अम्मी अजून दुआ मागताना त्या फोरमनचं नाव घेते. त्याला तिनं कधी पाहिलेलं नाही.

अलिबाग

नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा कंपनीनं पैसे वेळेवर दिले, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याचं सामान वॉचमननं रस्त्यावर आणून दिलं. डबा, चप्पल, कपाटातला गणपतीचा फोटो, सगळं एका काळ्या कचऱ्याच्या पिशवीत. १९ वर्षं तो तिथे होता. त्यानं ती पिशवी घरात आणली नाही. फोटो काढून घेतला आणि बाकी तशीच मागच्या पडवीत ठेवली. मी सहा महिन्यांनी हळूच उघडली.

सामान त्याचं त्याला गोळा करू द्या. अर्धा तास लागतो.

कुडाळ, छपाईचा व्यवसाय

सगळं वाचलं. मला या शनिवारी तिघांना सांगायचं आहे. दोघे नऊ वर्षं आहेत, एक सहा. काम खरंच उरलेलं नाही. झोप लागत नाही. कुठून सुरू करू?

धागा सुरू करणारी

शनिवारी नको. रविवारी बँक बंद, कामगार कार्यालय बंद, आणि माणूस एकटा पडतो. सोमवारी सकाळी सांगा, तिघांना वेगवेगळं, बसवून, आणि पहिल्या दोन वाक्यांत. हवापाण्याच्या गप्पा नकोत, त्यांना त्या आधीच खटकतात. सोमवारच्या आधी घरचं काय चाललंय ते विचारून घ्या, मी जे विचारलं नाही ते. कदाचित एखादा स्वतःच म्हणेल की मला जायचंच होतं.

हिशेबाचा कागद हातात असू द्या: नोटिशीचे पैसे, वर्षांचे पैसे, रजा, ग्रॅच्युइटी. चिपळूणच्या ताईंनी लिहिलेला कायदा तेव्हाचा. २१ नोव्हेंबर २०२५पासून त्याच्या जागी चार श्रमसंहिता, म्हणजे नवे कामगार कायदे, लागू झाल्या आहेत. माणसाला कमी केलं की दोन कामाच्या दिवसांत त्याचं सगळं वेतन द्यायचं असं वेतन संहितेत आहे, म्हणून पैशाची सोय आधी करा आणि मग बोला. तुमच्या छापखान्याला बाकी काय लागू होतं ते शुक्रवारीच कामगार अधिकाऱ्यांना विचारून घ्या.

आणि त्यांच्यासाठी कुणाला फोन करता येतील त्यांची नावं काढून ठेवा. सावंतवाडीला माझ्या ओळखीत एक पॅकिंगवाला माणूस शोधतो आहे, मशीनवर हात बसलेला हवा. सहा वर्षंवाला मशीनवर आहे का?