मूलनिवासींच्या विनाशाला केवळ रोगराई जबाबदार होती का?

प्रश्न : वाचनमग्न

युरोपीय दर्यावर्दींच्या मोहिमांविषयी सध्या वाचन करत आहे. अमेरिका खंडातील मूलनिवासी मुख्यतः देवी आणि गोवर यांसारख्या रोगांनी दगावले, त्या काळी रोगजंतूंचे ज्ञान कोणालाच नव्हते, म्हणून दर्यावर्दींना किंवा त्यांच्या राजांना दोष देणे योग्य नाही, असा युक्तिवाद वारंवार वाचनात येतो. तो कितपत टिकतो? त्या मोहिमांचा परिणाम आज नेमका कुठे उरला आहे, हेही जाणकारांनी सांगावे.

उत्तर : बखरवाचक

रोगांनी केलेली हानी प्रचंड होती, यात शंका नाही. परंतु हिस्पॅनिओला बेटावर, म्हणजे आजच्या हैती आणि डॉमिनिकन प्रजासत्ताकात, हा युक्तिवाद अडखळतो. कोलंबस तिथे १४९२ मध्ये पोहोचला. देवीची साथ १५१८ च्या अखेरीस आली. त्याआधीच, १५१४ मध्ये, वसाहतवाल्यांना मजूर वाटून देण्यासाठी तेथील मूलनिवासी असलेल्या तैनो लोकांची मोजणी झाली तेव्हा ते २६ हजारांच्या आसपासच भरले. डोंगरात पळालेले त्यात नसतील आणि मूळ लोकसंख्येबद्दल अभ्यासकांत टोकाचे मतभेद आहेत, तरी मोठी घसरण देवीच्या आधीची आहे.

ती कशी झाली, हे एका घुंगरावरून कळते. १४९५ च्या सुमारास कोलंबसाने असा कर बसवला की, सोने सापडणाऱ्या भागातील चौदा वर्षांवरील प्रत्येक तैनोने दर तीन महिन्यांनी, शिकारी ससाण्याच्या पायात बांधतात तसा एक घुंगरू भरून सोने आणून द्यावे. कर भरणाऱ्याला गळ्यात घालायला खूण मिळे आणि जो खुणेविना सापडे त्याला शिक्षा होई. माणसे नदीच्या वाळूत सोन्याचे कण वेचत बसल्यावर कसावाची लावणी कोण करणार? हे कंद तयार व्हायला बरेच महिने लागतात, त्यामुळे एक लावणी हुकली की पुढे उपासमार ठरलेलीच. उपाशी, राबून खंगलेल्या आणि घरच्यांपासून तोडलेल्या माणसावर रोग घाला घालतो, तेव्हा रोग वेगळा आणि राजवट वेगळी अशी फारकत करणे मला मान्य नाही. हे त्या काळातही काहींना दिसत होते. डिसेंबर १५११ मध्ये सांतो दोमिंगोच्या चर्चमध्ये आंतोनियो दे मोंतेसिनोस या धर्मगुरूने वसाहतवाल्यांना समोरासमोर विचारले होते की, ही माणसे नाहीत काय?

एक दुरुस्ती आधीच करून ठेवतो. तैनो ‘नामशेष झाले’ असे लिहिण्याची पद्धत आहे. पण प्वेर्तो रिकोत आज अर्ध्याहून अधिक लोकांच्या मातृवंशाचा आनुवंशिक धागा मूलनिवासींपर्यंत जातो आणि स्वतःला तैनो म्हणवणारे लोकही तिथे आहेत.

उत्तर : न्यायपत्र

दुसऱ्या प्रश्नापुरते लिहितो. सर्वांत टिकाऊ परिणाम जमिनीच्या कायद्यात आहे. ‘शोध’ लावणाऱ्या ख्रिस्ती राजाला त्या भूमीवर हक्क मिळतो, ही कल्पना पोपच्या १४९३ च्या फर्मानाने बळकट केली आणि १८२३ मध्ये अमेरिकेचे सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी ती निकालातच आणली : मूलनिवासींना वहिवाट आहे, पूर्ण मालकी नाही. ओनायडा जमातीविरुद्धच्या २००५ च्या निकालाच्या तळटीपेतही त्याच सिद्धान्ताचा उल्लेख आहे. व्हॅटिकनने तो मार्च २०२३ मध्ये नाकारला, पण न्यायालयीन निकाल त्यामुळे बदलत नाहीत.

ऑस्ट्रेलियाची कथा अधिक बोचते. स्थानिकांच्या संमतीने ताबा घ्यावा, अशी लेखी सूचना ब्रिटिश दर्यावर्दी जेम्स कुकला होती. तरीही १७७० मध्ये त्याने कोणाचीही संमती न घेता पूर्व किनारा राजाच्या नावे केला. ती भूमी कोणाचीच नव्हती, हे गृहीतक जून १९९२ मधील माबो निकालाने फेटाळले. ज्यांच्या नावाने हा निकाल ओळखला जातो ते एडी माबो त्याच वर्षी जानेवारीत वारले होते.

वाचनमग्न

दोघांचेही आभार. मग माबो निकालानंतर जमिनी परत मिळाल्या का?

न्यायपत्र

काहींना मिळाल्या. परंतु जी जमीन खासगी मालकीत गेली होती तिच्यावरचा हक्क संपलेलाच राहिला आणि उरलेल्या जमिनीसाठी ताबा घेतला गेल्यापासून आपल्या परंपरागत नियमांशी असलेला संबंध अखंड राहिल्याचे दावेदारांनी सिद्ध करायचे होते. मरी नदीकाठच्या योर्ता योर्ता लोकांचा दावा याच अटीवर २००२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयात (तिथले हेच सर्वोच्च न्यायालय) अखेर फेटाळला गेला. त्यांच्या पूर्वजांच्या परंपरा ठरवताना कनिष्ठ न्यायाधीशांनी मोठा भर दिला तो एडवर्ड कर याच्या लेखनावर, आणि कर हा त्यांच्याच भूमीवर मेंढ्या पाळणारा वसाहतवाला होता. म्हणजे ज्यांना अधिक पूर्णपणे उठवले गेले, त्यांनाच आपला संबंध सिद्ध करणे अधिक कठीण गेले.