नवी काबिजाद म्हणजे नक्की काय? कॉन्क्वेस्ट शब्दाबद्दल विचारायचंय

पेडण्याची_नात:
माझी आजी गोव्यातल्या पेडण्याची. कोणी गाव विचारलं की ती अजून "आमी नव्या काबिजादीतली" असंच सांगते, आणि म्हापशाकडचे सगळे तिच्या लेखी जुन्या काबिजादीतले. पोर्तुगीजात नोव्हास कॉन्किश्तास म्हणतात त्याचंच हे मराठी ना? पुस्तकात लिहिलेलं असतं की पोर्तुगीजांनी जिंकलेला मुलूख, पण आजी म्हणते पेडणं कोणी लढून घेतलंच नाही. मग कॉन्क्वेस्ट कशाला म्हणायचं? आणि काबीज हा शब्द मुळात कुठला?

शब्दवेडा:
मस्त प्रश्न, आणि आजींचं बरोबर आहे. कॉन्क्वेस्ट शब्दाच्या मुळात लढाई नाहीच. लॅटिनमध्ये क्वाएरेरे म्हणजे शोधणं, मागणं, त्याला कॉन लागून कॉन्क्विरेरे, म्हणजे शोधून गोळा करणं, मिळवणं. त्यातून जुन्या फ्रेंचमध्ये आला आणि तिथून इंग्रजीत. क्वेस्ट, क्वेश्चन, रिक्वेस्ट सगळी याच घरातली भावंडं, पोर्तुगीजातलं केरेर म्हणजे हवं असणं तेही. स्कॉटलंडच्या जुन्या कायद्यात तर बापाकडून न येता स्वतः कमावलेल्या जमिनीला कॉन्क्वेस्ट म्हणायचे!
काबीज अरबी आहे. मूळ कब्द, म्हणजे मुठीत घट्ट धरणं. कब्जा त्यातलाच आणि हिंदीतलं पोटाचं कब्जसुद्धा त्यातलंच. फत्तेचं मूळ पण अरबी फतह, त्याचा अर्थ उघडणं, शहराचे दरवाजे उघडले की फत्ते. म्हणजे एका शब्दात मूठ मिटते आणि दुसऱ्यात दार उघडतं, मला हे फार आवडतं.

डिचोलीकर:
पेडण्याचं सांगतो. सावंतवाडीच्या भोसल्यांना कोल्हापूरकरांविरुद्ध मदत हवी होती, त्या बदल्यात 1788 मध्ये पेडणं पोर्तुगीजांकडे गेलं. काणकोणकडचा भाग सोंध्याच्या राजाचा, हैदर अलीच्या स्वारीमुळे तो पोर्तुगीजांच्या आश्रयाला आला आणि मुलूख त्यांच्या हातात गेला. आमची डिचोली 1781 ला आणि सत्तरी 1782 ला भोसल्यांकडून घेतली. जुन्या काबिजादीतलं तिसवाडी पोर्तुगीज सेनानी आल्बुकर्कने 1510 मध्ये खरंच लढून घेतलं, पण बारदेश आणि साष्टी 1543 मध्ये आदिलशहाकडून मिळाले. म्हणजे बराचसा गोवा त्या लॅटिन अर्थानेच "मिळवलेला" आहे, जिंकलेला कमीच.

साष्टीतून:
सगळं पटलं पण एक बोलतो. मिळवणं म्हटलं की शब्द फार मऊ होतो हो. आमच्याकडे त्या मिळवण्यानंतर काय झालं ते सगळ्यांना माहितीय, कुठ्ठाळीचा मंगेश, वेर्ण्याची म्हाळसा, केळशीची शांतादुर्गा, लोकांनी देव रातोरात खाडीपलीकडे नेले आणि आज ते प्रियोळ, म्हार्दोळ, कवळ्याला आहेत, सगळे फोंड्यात, कारण तेव्हा फोंडा पोर्तुगीजांच्या हातात नव्हता. आणि वर ते क्वाएरेरे सांगितलंत ना, इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, हा शब्द पण त्याच मुळातून आलाय, गोव्यात ते 1560 ला सुरू झालं. शोधणं या शब्दाने आमच्याकडे काय काय केलं ते बघा. नव्या काबिजादीत मात्र देवळं राहिली, तेव्हा काळ बदलला होता आणि लोकांचे रीतिरिवाज पाळू असं त्यांनी कबूल केलेलं.

डिचोलीकर:
अगदी खरं. आणि नुसतं मिळालं म्हणून सुखाने राहिले असंही नाही, सत्तरीत राणे घराण्यातल्यांनी किती वेळा बंड केलं, 1852 ला दिपाजी राणे, 1895 ला दादा राणे. काबीज म्हणजे मूठ म्हणालात ना, ती मूठ तिथे कधीच नीट मिटली नाही.

पेडण्याची_नात:
सगळ्यांचे आभार, रात्री आजीला फोनवर वाचून दाखवलं. भोसले आणि कोल्हापूरचं ऐकून म्हणाली "म्हणजे आमका दिले, घेतले न्हय", आणि नंतर बराच वेळ गप्प होती.