मदत हवी आहे: ज्येष्ठ निवासाचा करार हातात आहे, सोमवारपर्यंत कळवायचंय

उंबरठा
आई-बाबांसाठी एक ज्येष्ठ निवास बघून झालाय. खोली हवेशीर, बाग आहे, जेवणघर आहे, डॉक्टर आठवड्यातून दोनदा येतात. करार हातात आलाय. सोमवारी होकार कळवून अनामत भरायची, नाहीतर खोली पुढच्याला जाईल म्हणतात. अशा ठिकाणांचे खरे फायदे-तोटे काय आणि करारात काय बघायचं, एवढंच सांगा. 'आईवडिलांना घरीच ठेवा' हा सल्ला कृपया नको, तो विचार करून झालाय. लवकर उत्तर द्या, प्लीज.

कलम_सात
खोली विकत घेताय, भाड्याने, की अनामत भरून हयातीपुरता राहण्याचा हक्क? हे सांगितल्याशिवाय तोटे सांगता येणार नाहीत.

विकत घेतली तर विकताना खरेदीदार वयाच्या अटीत बसणाराच लागतो, आणि विकली जाईपर्यंत देखभाल शुल्क वारसांच्या डोक्यावर चालू राहतं. भाड्यात पैसा अडकत नाही, पण मुदत संपली की भाडं किती वाढेल ते त्यांच्या हातात. हयातीच्या हक्कात मालकी तुमची नसते, त्यामुळे अनामत परत मिळण्याचं कलम हाच सगळा करार समजा. किती टक्के परत, दरवर्षी किती कपात, आणि परतावा किती दिवसांत? 'खोली पुढच्या व्यक्तीला दिल्यानंतर' असं लिहिलं असेल तर त्याला मुदतच नाही. तिथे कमाल दिवसांचा आकडा घालून घ्या.

मासिक शुल्काची वाढ बघा. वर्षाला ५ टक्के धरली तर १० वर्षांत शुल्क साधारण १.६ पट होतं, ८ टक्के धरली तर जवळजवळ २.१६ पट. 'वेळोवेळी ठरेल त्याप्रमाणे' एवढंच असेल तर सही करू नका, कमाल मर्यादा मागा.

दुरून_डोंगर
राग मानू नका, पण घरीच दोन मदतनीस ठेवा. स्वतःचं अंथरूण, स्वतःची खिडकी, ओळखीचे शेजारी. या वयात माणूस उपटून दुसरीकडे लावला की लवकर रुजत नाही. बाथरूममध्ये दांडे बसवा, पलंगाची उंची गुडघ्याइतकी करा, झालं काम.

रात्रपाळी
दुरून_डोंगर, धागाकर्त्यांनी हा सल्ला नको असं पहिल्याच पोस्टीत लिहिलंय. शिवाय हिशोब चुकतोय. १२ तासांच्या पाळ्या धरल्या तर आठवड्यात १४ पाळ्या होतात. एकाने ६ पाळ्या केल्या तरी दोघांच्या मिळून १२ भरतात, म्हणजे तिसरा माणूस लागतोच, आणि कुणी आजारी पडलं तर चौथा. या सगळ्यांच्या सुट्ट्या, पगार, बदली माणूस हे सांभाळणारा घरात कुणीतरी असावा लागतो. संस्थेचा मोठा फायदा हाच, की माणूस आला नाही तर बदली शोधणं त्यांचं काम असतं.

उंबरठा
भाड्याने नाही, विकतही नाही. अनामत आणि दर महिन्याचं शुल्क. परताव्याचं कलम कलम_सात यांनी लिहिलंय तसंच आहे, 'पुढच्या रहिवाशाला दिल्यावर'. बाकी दोघेही ठीक आहेत. बाबांना थोडी मदत लागते, बस.

तीन_मीटर
'थोडी मदत' म्हणजे नक्की काय? सगळं उत्तर यावरच अवलंबून आहे.

कॅट्झ यांची १९६३ची सहा कामांची यादी अजूनही वापरतात: आंघोळ, कपडे घालणं, शौचाला जाणं, पलंग-खुर्चीवरून उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा, स्वतःच्या हाताने जेवणं. प्रत्येकापुढे 'स्वतः', 'कुणी शेजारी उभं राहिलं तर', 'हात लावावा लागतो' यांपैकी एक लिहा. मग लॉटन आणि ब्रॉडी यांची १९६९ची दुसरी यादी: फोन, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, धुणं, प्रवास, स्वतःची औषधं, पैशांचे व्यवहार. दुसऱ्या यादीत अडतं त्याला सोयीचं घर पुरतं. पहिल्या यादीत दोन-तीन ठिकाणी हात लावावा लागत असेल तर रोजची देखभाल पुरवणारी जागा लागते. बागेच्या फोटोत हा फरक दिसत नाही.

घरीच करण्यासारखी चाचणी: हात असलेल्या खुर्चीतून उठून ३ मीटर नेहमीच्या चालीने चालायचं, वळून परत येऊन बसायचं. नेहमीची काठी वापरायची, कुणीतरी शेजारी राहायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका गंभीरपणे घ्या.

आणि प्रश्न दोघांचा आहे की बाबांचा? दोघांच्या याद्या वेगळ्या करा.

उंबरठा
आत्ता केली. बाबांना १९ सेकंद. आंघोळ आणि कपडे आई बघते. रात्री दोन-तीनदा लघवीला उठतात, आईच उठवते. तीन महिन्यांत दोनदा पडले, दोन्ही वेळा रात्री, बाथरूममध्ये. आईची यादी पूर्ण 'स्वतः'.
करारात एक ओळ आहे: 'रहिवासी आपली दैनंदिन कामे स्वतः करू शकणारा असावा.' ती सगळ्याच करारांत असते, असं मॅनेजर म्हणाले.

कलम_सात
हे पहिल्या पोस्टीत हवं होतं! तुमचा प्रश्न फायदे-तोट्यांचा राहिलाच नाही. या ओळीप्रमाणे बाबा आजच बसत नाहीत. संस्थेने आज डोळेझाक केली तरी उद्या हीच ओळ वाचून जागा सोडायला सांगता येईल.

लेखी विचारा: क्षमता कमी झाली हे कोण ठरवणार, त्यांचा डॉक्टर की तुमचाही? नोटीस किती दिवसांची? त्याच संकुलात जास्त देखभालीचा विभाग आहे का? असला तर आतल्यांना प्राधान्य, की बाहेरच्यांसोबत रांगेत? बाबा तिकडे गेले तर दोन शुल्कं पडणार का, आणि आईंची खोली चालू राहणार का? शेवटच्या दोन प्रश्नांवर जोडप्यांचा हिशोब सगळ्यात जास्त कोलमडतो.

रात्रपाळी
कलम_सात यांना अनुमोदन. या जागेत आईंचं काय होणार तेही बघा. स्वयंपाक, बाजार, वीजबिल सुटेल, पण आंघोळ, कपडे आणि रात्रीचं उठवणं त्यांच्याकडेच राहील, आणि हाकेला धावणारी नेहमीची माणसं मात्र सुटतील.

मॅनेजरना 'रात्री स्टाफ असतो ना?' असं विचारू नका, 'हो' असंच उत्तर येतं. विचारा: पहाटे ३ वाजता किती माणसं जागी असतात? किती मजल्यांसाठी? जमिनीवरून माणूस उठवायला दोघं लागतात. दोघंच जागे असतील तर तेवढा वेळ बाकीच्या मजल्यांवर कुणीच नाही.

मग बाथरूममध्ये जाऊन मदतीच्या घंटेची दोरी बघा. ती जमिनीपासून साधारण १० सेंटीमीटरपर्यंत लोंबती हवी, कारण पडलेल्या माणसाचा हात तेवढाच वर येतो. पुष्कळ ठिकाणी फरशी पुसताना ओली होते म्हणून दोरी गुंडाळून दांड्याला गाठ मारून ठेवतात. गाठ जुनी आणि मळकी दिसली तर समजा की दोरी महिनोन्महिने कुणी ओढून बघितलेली नाही. तिथेच ओढा आणि घड्याळ लावा. तासाभराहून जास्त जमिनीवर पडून राहणं हा वेगळाच आजार आहे: स्नायूंना इजा, मूत्रपिंडावर ताण, अंगाला चट्टे, शरीरातलं पाणी कमी होणं. हाड मोडलेलं नसलं तरी.

गोळी_आणि_वेळ
जागा बदलल्याने पडणं थांबणार नाही. आधी कारण शोधा. पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब घ्या, मग उभं राहिल्यावर १ आणि ३ मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उठल्यावर मेंदूला रक्त कमी पडतंय. रात्री उठून पडणाऱ्यांत हे फार सापडतं. लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी चालू आहे का? झोपेची? प्रोस्टेटसाठी दिलेल्या काही गोळ्यांनीही रक्तदाब उतरतो. स्वतः बंद करू नका, यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. पलंगाशेजारी लघवीचं भांडं ठेवलं तर रात्रीच्या फेऱ्या आजपासून कमी होतील.

निवासाला विचारा: औषधं कोण देतं, दिल्याची नोंद कुठे होते, आणि बाबा रुग्णालयातून परतल्यावर जुनी व नवी यादी कोण पडताळतं? घोळ बहुतेक त्या परतीच्या दिवशीच होतो, बंद केलेली गोळी जुन्या डबीतून चालू राहते.

दुरून_डोंगर
मी तेच म्हणतोय, कारण सापडलं तर घर सोडायची गरजच नाही. बाथरूममध्ये गीझरचं तापमानही कमी करा, वयस्कर त्वचा पटकन भाजते.

नळ_दुरुस्ती
अवांतर आहे, पण हे चुकीचं जाऊ नये. टाकीचा गीझर कोमट ठेवला तर त्यात लिजनेला जिवाणू वाढतात, फुप्फुसाचा संसर्ग होऊ शकतो. टाकी ६० अंशांवर ठेवा आणि नळापाशी मिसळणारी झडप बसवा. ६० अंशांचं पाणी सरळ अंगावर आलं तर साधारण पाच सेकंदांत गंभीर भाजतं, म्हणून झडप हवीच. निवासातही हेच विचारा, आणि शॉवरखाली स्वतः हात धरून बघा.

दुरून_डोंगर
न साठवणारा गीझर असेल तर?

नळ_दुरुस्ती
मग साठ्याचा प्रश्न नाही, तापमान तिथेच खाली बांधून ठेवा.

सुईदोरा
कपड्यांवर नाव शिवायला आत्ताच सुरुवात करा. सामायिक धुलाईत पेनाने लिहिलेलं नाव निघून जातं, विणलेली पट्टी कॉलरच्या आत शिवा. चष्म्याच्या दांडीवर, कवळीवर आणि श्रवणयंत्राच्या डबीवरही नाव हवं. श्रवणयंत्र हातरुमालात गुंडाळून उशीखाली ठेवलं की चादरीसोबत धुलाईला जातं. दिवसाअखेर ते डबीत पडलं का, हे बघणारी व्यक्ती ठरवून घ्या.

उंबरठा
सुईदोरा, आभार, पण अजून तिथवर पोचलेलो नाही. महिनाभर चाचणी म्हणून राहून बघावं का? तशी सोय आहे म्हणतात.

रात्रपाळी
जरूर. पण पूर्ण शुल्क भरणारा रहिवासी म्हणून, पाहुणे म्हणून नाही. तुम्ही स्वतः रविवारी संध्याकाळी न सांगता जा. जेवणघरात किती जण ताटासमोर नुसते बसलेत, त्यांना भरवायला कुणी आहे का, ते बघा. इथे किती दिवस काम करताय, हे मदतनिसांना विचारा. सगळेच दोन-तीन महिन्यांचे असतील तर माणसं टिकत नाहीत.

तीन_मीटर
मी असहमत. बाबांची स्मृती कशी आहे ते अजून सांगितलेलं नाही. विसर पडत असेल तर महिन्यासाठी नेणं आणि परत आणणं म्हणजे दोनदा घर बदलणं. पहिल्या आठवड्यांत गोंधळ वाढतो, आणि त्यावरून जागा वाईट ठरवली जाते. आणि गोंधळ एकदोन दिवसांत अचानक आला तर तो जागेचा म्हणून सोडून देऊ नका. लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, नवी गोळी, शरीरातलं पाणी कमी होणं, हे आधी तपासायचं.

रात्रपाळी
स्मृतीचा मुद्दा मान्य. पण स्मृती ठीक असेल तर चाचणीशिवाय अनामत भरू नये, यावर मी ठाम आहे.

अर्धविराम
इतक्या पोस्टी झाल्या. आईंना काय हवंय, हे कुणी विचारलंय का?

उंबरठा
स्मृती ठीक आहे, फोन नंबरसुद्धा पाठ आहेत.
आईला काल विचारलं. तिला जायचंय. बागेसाठी नाही. म्हणाली, रात्री बाबांना दुसऱ्या कुणीतरी उठवावं, मला सलग झोपायचंय.

मॅनेजरना फोन केला. पहाटे ३ वाजता तीन मजल्यांना एक माणूस जागा असतो. बाहेरचा मदतनीस चालतो, पण रात्री खोलीत राहायला परवानगी नाही. देखभालीचा विभाग शेजारच्या इमारतीत आहे, तिथे प्रतीक्षायादी आहे. सोमवारऐवजी दहा दिवस मिळाले, मागितल्यावर लगेच दिले.

रात्रपाळी
म्हणजे आईंना जे हवंय नेमकं तेच या खोलीत मिळत नाही. तिथे गेल्या तरी रात्री त्याच उठणार.

कलम_सात
दहा दिवसांत एवढं करा. रक्तदाब आणि गोळ्यांची तपासणी या आठवड्यातच. बाबांचं नाव देखभालीच्या विभागाच्या यादीत आजच घाला आणि क्रमांक लेखी घ्या. मग मॅनेजरना ईमेलने तीन ओळी पाठवा: 'बाबांना आंघोळ, कपडे आणि रात्री उठण्यासाठी मदत लागते हे प्रवेशाच्या वेळी सांगितले आहे. देखभाल विभागात जागा मिळेपर्यंत आमचा रात्रीचा मदतनीस खोलीत राहील. या काळात क्षमतेच्या कलमावरून जागा सोडण्यास सांगितले जाणार नाही.' उत्तर फोनवर आलं तर तेच ईमेलवर मागा. मदतनीसाच्या ओळीला नकार आला तर अनामत भरू नका, देखभालीच्या विभागाची वाट बघा, आणि तोवर घरी रात्रीच्या पाळीला माणूस लावा. आठवड्याच्या सातही रात्री भरायला दोघे पुरतात.

उंबरठा
ईमेल आत्ता पाठवतोय. रात्रीच्या माणसाचं उद्यापासून बघतो. लघवीचं भांडं कुठल्या तोंडाचं घ्यायचं? बाबांचा हात थोडा थरथरतो.

गोळी_आणि_वेळ
रुंद तोंडाचं, झाकणाचं, आणि पलंगाला अडकवायच्या स्टँडसकट घ्या. पलंगाच्या कडेला बसूनच वापरायचं, उभं राहून नाही. पावलं जमिनीला पूर्ण टेकली पाहिजेत. टेकत नसतील तर पलंग उंच आहे, आधी तो कमी करा.